घंटेऐवजी

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा,
कधीकाळी मनमाडहून कुणीतरी आणलेला,
कडुनिंबाला तारेने टांगलेला.
त्याचा आवाज भद्रकालीमागच्या बोळांतून
थेट गोदावरीच्या पायऱ्यांपर्यंत जातो,
असं गांगुर्डेमामा सांगतात.
मी कधी तपासलं नाही.

त्या रात्री विजेच्या खांबांवर गज आपटत होते.
आधी कोणत्या गल्लीने सुरू केलं,
हा प्रश्न मला पुढे सगळ्यांनी विचारला,
मुलं सोडून.

शाळा एकोणीस दिवस बंद.
सातवीच्या वर्गात पोलिसांच्या सतरंज्या,
फळ्यावर ड्युटीची यादी,
आणि खाली कोपऱ्यात कुणा हवालदाराने काढलेलं
एक घर, दोन खिडक्या, नारळाचं झाड.
यादी पुसली. घर राहू दिलं.

पहिल्या दिवशी पटावर एकेचाळीस, वर्गात नऊ.
सात दहाला मामांनी सवयीने टोला दिला.
दुसरा पडायच्या आत मिसबाह बाकाखाली होती.
तिच्या शेजारी कुणाल खैरनार.
ज्या दोन गल्ल्या आता एकमेकींकडे बघत नव्हत्या
त्यांची दोन पोरं, एकाच बाकाखाली.
तिच्या वेणीची रिबीन त्याच्या नाकापाशी,
आणि तो शिंक दाबून बसलेला.

बाहेर या, असं मी म्हणाले नाही.
डी.एड.ला हे शिकवलेलं नव्हतं.
पदर खोचला, फरशीवर बसले,
आणि वाकून, बाकाखाली बघत, हजेरी घेतली.
"हजर," मिसबाह म्हणाली. फरशीला.

मग रोज शाळा सुटल्यावर घरं शोधणं.
इर्शाद तांबोळी वडाळागावात मावशीकडे,
मावशीचं घर बंद, शेजारी म्हणाले मालेगावला गेले असतील.
तेजल मखमलाबादला, मामाच्या गच्चीवरच्या खोलीत.
तिचे वडील म्हणाले, "बाई, दाखला द्या,
पोरगी इकडेच घालतो."
"देते की. पण शाळेचा शिक्काच सापडत नाही हो,
त्या गडबडीत कुठं गेला कोण जाणे."

शिक्का माझ्या डब्यात होता,
लिंबाच्या लोणच्याशेजारी.
जांभळी शाई पोळीला लागलेली.
असे चौदा दाखले मी अडवून धरले.
बरोबर की चूक, अजून ठरवता आलेलं नाही;
त्या माणसाची भीती काही खोटी नव्हती.
मुख्याध्यापकांना कळलं असावं.
ते एवढंच म्हणाले,
"अहिरेबाई, डबा सांभाळून."

घंटा आता वाजत नाही.
मामा पावणेसातला फाटकात उभे राहतात
आणि नावांनी हाका मारतात.
घसा म्हातारा, तंबाखूने बसलेला,
पण पहिली ते सातवी सगळा पट पाठ.
आडनावं तेवढी गाळतात.
त्या दिवसांत आडनावं फार विचारली गेली होती.

आठवडाभर बोळातली एक खिडकी उघडली नाही.
मग एका सकाळी वरून कुणीतरी ओरडलं,
"आली हो, दात घासतेय!"
मामा पुढच्या नावाकडे वळले,
पण त्या नावापाशी आवाज फाटला,
आणि त्यांनी ते पुन्हा घेतलं.

आज चौतीस हजर.
तेजल दोन बस बदलून येते,
उशिरा येते, मी विचारत नाही.
इर्शादच्या रकान्यात मी 'गै' लिहीत नाही.
पेन्सिलीने ठिपका देते, खोडता येईल असा.
पानभर ठिपके झालेत.

काल मधल्या सुट्टीत मिसबाह कडुनिंबाखाली दिसली.
आधी लांबून बघितलं. मग चपलेच्या टोकाने शिवून.
मग नखाने टिचकी मारली रुळाला,
आणि गाल टेकवून ऐकत राहिली,
कुणाल मागे उभा, कानांवर हात घ्यायच्या तयारीत.

"मामा," ती म्हणाली,
"हे गार असतं."